आंघोळ करून येऊ नका

वरवट बकालच्या कडूबाला कोणी आचारी म्हटलं तर त्याला राग येत नसे, पण तो दुरुस्ती करी. आचारी म्हणजे दर ठरवणारा, हाताखाली माणसं मागणारा आणि मीठ जास्त झालं की किराणावाल्याकडे बोट दाखवणारा. कडूबा माळवं पिकवणारा. वांगी, मिरची आणि सांभार, ज्याला वऱ्हाडाबाहेर कोथिंबीर म्हणतात, हे त्याचं खरं काम. पंगतीचा स्वयंपाक तो करी, कारण तो बापाकडून आला होता. बापाकडून शेताचा तुकडा आला, दमा आला, तसाच झारा आला. पैकी दमा धाकट्या भावाकडे गेला, एवढी वाटणी मात्र कडूबाच्या मनासारखी झाली.

झारा सगळेच धरतात. कडूबाचं नाव होतं ते रोडग्यासाठी. गव्हाची जाडसर कणीक घट्ट मळायची, तेलाचा हात देत पोळीवर पोळी ठेवून त्याचा गोळा वळायचा, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, आणि भाजून निघाला की राख झटकून फोडायचा. वर वरण, त्यावर तूप, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. हे जेवण गरिबाचं की श्रीमंताचं यावर आजवर एकमत झालेलं नाही, कारण एकदा पानावर बसल्यावर वाद घालायला कोणी मोकळं नसतं. या कणकेत माणसाचे कोपरापर्यंतचे हात जातात. यंत्रात मळलेली कणीक रोडग्याला चालत नाही, असं कडूबाचं मत होतं आणि पंचक्रोशीत त्यावर अपील नव्हतं.

सोनाळ्याच्या किसनरावांच्या मळ्यात म्हसोबा आहे. दर माघात त्याच्या नावानं तिथे गावाला रोडग्याचं जेवण असतं. आधी कडूबाचा बाप ते रांधायचा, मग कडूबा. कडूबा नसला तर म्हसोबाही जेवायचा नाही, असं किसनराव चारचौघांत सांगत. म्हसोबाचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात लग्नसराई आटोपली आणि कडूबाच्या मानेवर पांढुरका ठिपका दिसला. कणीक उडाली असेल म्हणून त्यानं तो फडक्यानं झटकला. ठिपका तिथेच राहिला. पावसाळ्यात त्याला भावंडं झाली, आणि दिवाळीपर्यंत खांद्यांवरून दंडावर, दंडावरून कोपराकडे फिकट चट्टे उतरले. नखानं खरवडलं तर बारीक कोंडा पडे. दुखत काही नव्हतं. दुखलं असतं तर लोकांनी विचारपूस केली असती. न दुखणाऱ्या रोगाची लोक फक्त चर्चा करतात.

त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून ती चट्ट्यांवर चोळी. तेल लावून बरा होत नाही असा आजार तिच्या माहेरी कोणाला झालाच नव्हता. चट्टे तेल प्यायले आणि बाळसं धरू लागले.

मग एका बारशाच्या पंगतीत चुलीपुढे उकडलं म्हणून कडूबानं सदरा काढला. बनियनमधून जेवढं दिसायचं तेवढं दिसलं. संध्याकाळपर्यंत गावात शब्द फिरला होता: कोड.

त्यानंतर त्याला कोणी नाही म्हटलं नाही. आपल्याकडे नाही म्हणायची पद्धतच नाही. कोणी म्हणालं यंदा पंगत लहान हाय, कोणी म्हणालं पाहुण्यायनंच आचारी आणला. एकानं तर मुलाचं लग्न कोर्टात लावणार असल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याच दारात मांडव उभा राहिला. कडूबानं मांडवाखालून सायकल नेली आणि वर पाहिलं नाही.

किसनरावांनी मात्र त्याला बोलावून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ओसरीवर बसवलं, चहा सांगितला. घरातले सगळे कपबशीतून पीत होते. कडूबाचा चहा कागदी कपात आला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.

किसनराव म्हणाले, "मले काही वाटत नाही रे कडूबा. पण लोकायच्या तोंडाले कोण हात लावते? म्हसोबाचं काम हाय. माघाच्या पयले हे काय हाय ते नक्की करून आण. कोड नसन तं रोडगा तुहाच."

आणि असेल तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. कागदी कपानं ते आधीच सांगितलं होतं.

खरं तर कडूबा डॉक्टरकडे जाऊन आला होता. खामगावच्या डॉक्टरांनी मानेकडे एकदा पाहिलं, दिव्याखाली दंड फिरवला आणि म्हणाले, शिबं आहे, बुरशीचा प्रकार, हे औषध लावा. एवढंच. गावानं हे निदान फेटाळलं. इतक्या लवकर कळलं म्हणजे डॉक्टरनं नीट पाहिलंच नसणार, असा न्याय होता. कडूबालाही मनातून तसंच वाटलं. त्यानं औषधाची बाटली देवळीत ठेवून दिली. आधी रोग ठरू दे, मग औषध फोडू, असा त्याचा हिशेब होता. नाहीतर कोडाला शिब्याचं औषध लावलं म्हणून आणखी हसू व्हायचं.

अशा वेळी त्याची भाची कामाला आली. योगिनी ही त्याच्या बहिणीची मुलगी, खामगावला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती आणि शेवटच्या वर्षाला तिनं जो विषय घेतला होता तो नेमका शिब्याचाच: हे चट्टे उठवणारी बुरशी नेमकी कोणत्या जातीची, हे शोधून काढायचं. घरात तिच्या शिक्षणाबद्दल आदर होता, पण ती नक्की काय शिकते हे विचारायची हिंमत कोणी केली नव्हती. मामाची हकिगत कळल्यावर तिचा फोन आला.

"मामा, मले तुमची कातडी पाह्यजे."

कडूबानं विचारलं, किती. तिनं सांगितलं, वरचा कोंडा तेवढा पुरे.

ठरलेल्या दिवशी कडूबा कॉलेजात जायला निघाला. जन्मात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढायची, ती पण कातडी दाखवायला. आदल्या संध्याकाळी त्यानं देवळीतली बाटली फोडली आणि पहिल्यांदाच ते औषध सगळ्या चट्ट्यांना भरपूर फासलं. चट्टे जरा तरी निवलेले, देखणे दिसावेत, एवढाच हेतू. सकाळी साबण लावून, वजरीनं मान आणि दंड लाल होईस्तोवर घासले. सोजराबाईनं पाठीवरून हात फिरवून कोंडा राहिला नसल्याची खात्री केली. लग्नाला शिवलेला सदरा घालून, कानात अत्तराचा बोळा ठेवून मामा प्रयोगशाळेत हजर झाले.

योगिनीनं बोथट पात्यानं मान खरवडली. फारसं काही पडलं नाही. जे पडलं ते तिनं काचेच्या बश्यांत पेरलं आणि उबेच्या पेटीत ठेवून दिलं. बुरशी उगवायला वेळ लागतो, म्हणाली. कडूबाला ते पटलं. मिरचीचं रोपही एका दिवसात येत नाही.

पुढे तिचा फोन आला तो असा, की काहीच उगवलं नाही.

योगिनीच्या दृष्टीनं ती एक रिकामी बशी होती. वरवट बकालच्या दृष्टीनं तो निकाल होता. शिबं असतं तर बुरशी निघाली असती, बुरशी निघाली नाही, म्हणजे शिबं नाही, आणि पांढरा डाग जर शिबं नसेल तर तो काय असतो हे सांगायला कॉलेजात जावं लागत नाही. सोजराबाई त्या दिवशी जेवली नाही. कडूबानं खुंटीवरचा झारा उतरवला, पुसला, आणि जुन्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. मग वांग्यांना पाणी द्यायला गेला, कारण वांग्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

इकडे योगिनीच्या अनुपमा मॅडमनी रिकामी बशी उजेडात धरून पाहिली. बाई मितभाषी. त्यांनी एकच गोष्ट विचारली: पेशंट आंघोळ करून आला होता का?

योगिनीनं फोन लावला. कडूबानं आंघोळीची सगळी हकिगत सांगितली. साबणाची, वजरीची, औषधाची, अत्तराचीसुद्धा. आपण काही कसर ठेवली नव्हती हे भाचीला कळावं म्हणून जरा खुलवूनच सांगितली.

"मामा," योगिनी शेवटी म्हणाली, "तुमी चोराले भाडं देऊन गाडीत बसवलं, अन् मंग पोलिसाले बलावलं."

दुसऱ्या वेळच्या सूचना कडक होत्या. औषध नाही, साबण नाही, वजरी नाही. काही दिवस अंगाला पाणीच लावायचं नाही, आणि शेतातून उठून जसं असाल तसं यायचं. कडूबाला उपास जड गेला नसता, पण हे गेलं. माळव्याच्या धंद्यातला माणूस, पहाटे विहिरीवर दोन बादल्या अंगावर घेतल्याशिवाय त्यानं कधी वांगं तोडलं नव्हतं. सोजराबाईनं त्याची वाकळ ओसरीवर टाकली. खामगावच्या बसमध्ये तो मुद्दाम मागच्या सीटवर बसला, आणि शेगावात चढलेल्या एका बाईनं पदर नाकाला लावला तेव्हा खिडकीबाहेर असा बघत राहिला की वास बाहेरूनच येत असावा.

या वेळी मात्र पातं लावताच कोंडा भरभरून निघाला. योगिनीनं तो काचेवर घेऊन रसायनाचा थेंब सोडला, सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं आणि मग बाजूला सरकून मामाला जागा दिली. कडूबानं आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला.

"शेवया हायेत," तो म्हणाला. "आखूड. अन् त्यात बुंदी पडेल हाय."

पुस्तकात या देखाव्याला कुठल्याशा विलायती जेवणाचं नाव दिलेलं होतं, जे योगिनीनं खाल्लेलं नव्हतं आणि मॅडमनीही नव्हतं. त्या दिवसापासून मॅडम वर्गात शेवया आणि बुंदीच सांगू लागल्या, आणि पोरांच्या लक्षात राहू लागलं.

म्हणजे शिबंच. डॉक्टरनं दिव्याखाली जे पाहिलं होतं तेच आता काचेखाली होतं. कडूबाला वाटलं काम झालं. पण योगिनीचं काम आता कुठे सुरू होत होतं. ती बुरशी म्हणजे एक जीव नव्हता, एक अख्खं घराणं होतं. आडनाव मालासेझिया, पाव फुगवणाऱ्या खमिराचं लांबचं नातं, आणि घरात भावंडं पुष्कळ. यातलं कोण मामाच्या मानेवर बिऱ्हाड करून होतं, हे ठरवायचं होतं. गावात अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारे विचारतात, कोणाचा बे तू. योगिनी वर्षभर तेच विचारत होती, फक्त उत्तर देणाऱ्याला तोंड नव्हतं.

मग ओळखायचं कसं? खाण्यावरून. या घराण्याला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती बाहेरून लागते. म्हणून माणसाच्या अंगावर जिथे तेलकटपणा आणि घाम, तिथे ते राहतं. साध्या बशीत ते उगवतच नाही, बशीत तेल घालावं लागतं. सरकीचं तेल गाळून ज्या खामगावानं माड्या बांधल्या त्याच गावात तेलावाचून न जगणारा जीव सापडावा, यात नवल नव्हतं. मॅडम बशीत ऑलिव्हचं तेल घालत. सरकीचं काऊन नाही, असं कडूबानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात तसं आहे. कडूबाचं समाधान झालं नाही, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकात बोलायचं नाही हा धर्म त्यानं पाळला.

घरी गेल्यावर त्यानं तेलाची गोष्ट सांगितली तेव्हा सोजराबाई हातातलं सूप ठेवून उभी राहिली.

"म्हंजे इतके दिवस मी त्यालेच जेऊ घालत होती?"

"पोटभर," कडूबा म्हणाला. "म्हणून तं तो जात नव्हता."

तिनं तेलाची वाटी तिथल्या तिथे समईत रिकामी केली आणि देवापुढे बराच वेळ उजेड पडला. औषधाची बाटली दुसऱ्या दिवसापासून नेमानं सुरू झाली. आता रोगाची ओळख पटली होती आणि नमुनाही देऊन झाला होता.

या खेपेला बशीत सायीच्या रंगाचे खरबरीत ठिपके उगवले. योगिनीनं मामाला ते पाहायला बोलावलं, आणि पुढची परीक्षाही दाखवली. एका बशीत ती बुरशी पसरायची, चार बाजूंना चार भोकं पाडायची आणि प्रत्येकात वेगळ्या प्रकारचं स्निग्ध द्रव्य घालायचं. कोणत्या भोकाभोवती ती वाढते ते पाहायचं. कडूबाला हे समजावून सांगावं लागलं नाही. चार पंगती बसवायच्या आणि पाहुणा कोणत्या पंगतीला बसतो त्यावरून त्याचं घराणं ओळखायचं, हा उद्योग त्यानं आयुष्यभर पाहिला होता. काही भावंडं चारही पंगतींना जेवतात, काही दोनच. मामाचा पाहुणा एकाही पंगतीला बसला नाही. पण तेलाच्या मूळ बशीत मात्र मजेत वाढत होता.

"हा तं जावई निघाला," कडूबा म्हणाला.

त्यावर मॅडम पहिल्यांदा हसल्या. आकार गोल चेंडूसारखा, चारही ठिकाणी नकार, बाकीच्याही परीक्षा जुळत होत्या. त्यांनी नाव उच्चारलं: मालासेझिया ग्लोबोसा. कडूबानं ते परतीच्या बसमध्ये घोकलं आणि शेगाव ओलांडेपर्यंत पाठ केलं.

जाण्याआधी त्यानं एक गोष्ट विचारून घेतली. आता नाव कळलं, तर औषध बदलणार का? मॅडम म्हणाल्या, नाही. या घराण्यातलं कोणीही असतं तरी तेच औषध. मग एवढा खटाटोप कशाला? मॅडम म्हणाल्या, तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी. आपल्याकडे कोण आहे ते आपल्याला माहीत असावं. कडूबाला हे उत्तर सरळ वाटलं. त्याच्या आयुष्यात इतकं सरळ उत्तर किराणा दुकानातही मिळत नसे. मॅडमनी आणखी सांगितलं की बुरशी गेली तरी रंग यायला काही महिने लागतात, तोवर डाग दिसत राहतील, घाबरू नका.

"कोड नाही ना पण?" त्यानं उंबऱ्यावरून पुन्हा एकदा खात्री केली.

"नाही. आणि असतं तरी कोणाला लागलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "कोड लागत नाही."

हे वाक्य त्यानं घोकलं नव्हतं, तरी तेच घरापर्यंत सोबत आलं. कारण त्याच्या घराशेजारी तानाबाई राहत होती. तानाबाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, कितीतरी वर्षांचे. सोजराबाई रोडग्याचे थर द्यायला शिकली ती तिच्याकडूनच, तिच्या घरात बसून. पण पंगतीत तानाबाईला काम असे ते जेवणं उठल्यावर भांडी घासायचं. कणकेला तिचा हात लागू देत नसत. असं का, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं ते कडूबानंच, आणि तोही निखारे सारण्यात गुंतलेला असे.

माघ जवळ आला तसा कडूबा योगिनीला घेऊन सोनाळ्याला गेला. किसनरावांच्या ओसरीवर नेहमीची चार माणसं बसलेली होती. योगिनीनं सगळं समजावलं, कडूबानं न अडखळता नाव म्हणून दाखवलं. किसनरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, नाव चांगलं हाय, पण डाग तं दिसूनच राह्यला. नावाकडे पाहून कोणी जेवते का? अंग कसं असावं, तर असं. आणि त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली. बारा महिने विहिरीच्या थंड पाण्यानं आंघोळ, आठवड्याला मालिश. वयाच्या मानानं पाठ खरोखरच आरशासारखी होती.

योगिनी पाठीकडे पाहत राहिली. मग किसनराव आबांना म्हणाली की तिला अभ्यासासाठी निरोगी कातडीचेही नमुने लागतात, आणि इतकी स्वच्छ पाठ तिनं अजून पाहिली नव्हती. आबांची परवानगी असेल तर. यात खोटं काही नव्हतं. किसनराव खुर्चीवर उलटे बसले आणि चारही माणसांना दिसेल अशा बेतानं वाकले. कोंडा नव्हताच. योगिनीनं चिकटपट्टी लावून उचलली, एवढंच.

काही आठवड्यांनी दोघं परत आली तेव्हा योगिनीच्या पिशवीत दोन बंद बश्या होत्या. ओसरीवर तीच माणसं होती, शिवाय किसनरावांची बायको झुंबरबाई दारात धान्य निवडत बसली होती. योगिनी म्हणाली, आबा, तुमचा निकाल मी तुम्हालाच आत सांगते. किसनरावांना ते कमीपणाचं वाटलं.

"आत कायले? चारचौघांत सांग. मायं काही लपेल नाही."

तेव्हा तिनं दोन्ही बश्या खाटेवर ठेवल्या. एक मामाची, एक आबांची. दोन्हींत सायीच्या रंगाचे तेच खरबरीत ठिपके होते. कोणती कोणाची, हे झाकणावर लिहिलं नसतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

किसनरावांनी दोन्ही झाकणांवरची नावं वाचून पाहिली.

"मंग मले डाग काऊन नाही?" किसनरावांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

योगिनीनं सांगितलं की ही बुरशी मोठ्या माणसांच्या, जवळजवळ सगळ्यांच्याच, अंगावर असते. आबांच्या, तिच्या स्वतःच्या, मॅडमच्यासुद्धा. ती बाहेरून लागलेली नसते, घरचीच असते. बहुतेकांच्या अंगावर ती गुमान राहते. चुलीची धग, घाम आणि तेल मिळालं की एखाद्याच्या अंगावर माजते आणि रंग खाते. औषधानं पुन्हा गुमान होते.

झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तुमच्या पाठीवर ते सालदार हाय," ती नवऱ्याला म्हणाली, "अन् कडूबाच्या पाठीवर मालक होऊन बसलं. हाय तं एकच."

"तसंच समजा, काकू," योगिनी म्हणाली.

"मंग याले बाहेर ठेवाचं तं तुमीबी बाहेरच बसा. म्हसोबापुढं मी एकटीच जेवतो."

खाटेवरच्या चौघांपैकी एकजण खोकला, एकानं आपल्या कॉलरला हात लावला. किसनराव बश्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. सगळ्यांना सारख्याच कपबशीत आला. कडूबानं तो बशीत ओतून फुर्र करून संपवला, आणि रोडगा पुन्हा त्याचा झाला. गोष्ट इथं संपली असती. पण त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला की कणकेला हातभार म्हणून माणसं तो त्याच्या मनानं आणणार.

"आण ना. कोणाले आणतं?" झुंबरबाईनं विचारलं.

"सोजरा राह्यते. अन् तानाबाई."

योगिनीनं मामाकडे वळून पाहिलं. हे तिला त्यानं सांगितलेलं नव्हतं. झुंबरबाईच्या कपाळाला आठी पडली.

"तिले तं खरंच कोड हाय ना रे?"

"हाव, हाय," कडूबा म्हणाला. "ते कोणाले लागत नाही, काकू. मायं जे हाय ते तं आधीच सगळ्यायले लागेल हाय."

आत्ताच मिळालेलं परत जाऊ शकतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बशीची कड तो अंगठ्यानं पुसत राहिला. झुंबरबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, एक खडा शोधून अंगणात टाकला.

"लयच शिकून आला तू खामगावहून," ती म्हणाली. आणि आणखी एक खडा टाकल्यावर, "तिले सांगजो, रोडगा निखाऱ्यात फुटला तं मी बोलीन. मंग नाराज नाही व्हायचं."

म्हसोबाच्या दिवशी सोजराबाईनं नवऱ्यासाठी मनगटापर्यंत बटणं असलेला सदरा काढून ठेवला होता. तो त्यानं मळ्यात पोचेपर्यंत घातला आणि मग बाभळीला टांगला, कारण बाह्यांच्या सदऱ्यात कणीक मळता येत नाही. चट्टे होतेच. कोंडा गेला होता, खरखर गेली होती, पण फिकट नकाशा खांद्यावरून कोपरापर्यंत जसाच्या तसा. तानाबाई परातीशी आली आणि हात पदराखाली धरून उभी राहिली. कडूबानं तिच्याकडे न पाहता परातीची अर्धी बाजू रिकामी केली आणि म्हणाला, "बस ना बाई. कणीक वाळून राह्यली."

ती बसली. पहिले काही गोळे तिनं एखाद्याचं मूल हातात घेतल्यासारखे घेतले. मग हातांना आपलं काम आठवलं. थरावर थर पडू लागले, आणि सोजराबाईला मधूनच तिची बोलणी बसू लागली, की कडा नीट दाब, शिकवलं कोणी तुले.

जेवायला सगळं गाव आलं असं म्हणता येणार नाही. तीनचार घरांना त्या दिवशी अचानक उपास आठवले. एक गृहस्थ पानावरून उठून बैल पाहायला गेले ते बैलच पाहत राहिले. पण बाकीचे बसले. किसनराव पहिल्या पंगतीला बसले, कारण झुंबरबाईनं त्यांचं पान तिथेच मांडलं होतं. त्यांनी रोडगा फोडला. आतले थर सुटे होऊन वाफ आली. झुंबरबाई वाढता वाढता थांबली, त्या वाफेकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलायचं ठरलं होतं ते फुटला तर. किसनरावांनी दुसरा मागितला, आणि तो मागताना आवाज असा लावला की बैल पाहणाऱ्या गृहस्थांनाही ऐकू जावं.

तिसरी पंगत उठल्यावर हात धुवायच्या टाक्यापाशी योगिनीला एका माणसानं गाठलं. ओसरीवरच्या चौघांपैकीच तो, कॉलरला हात लावणारा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कॉलर बोटभर खाली ओढली आणि म्हणाला की बाई, हे जरा पाह्य ना, मले वाटे ते कणकीचंच असन. त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते, दोघंही टाक्यातलं पाणी निरखत. त्यांच्यामागे एक तरुण बाई, पदर गळ्याशी घट्ट धरून. योगिनीनं पाहिलं. दोघांचं शिबंच होतं. एकाचं नुसतं घामोळं होतं, पण तो हिरमुसेल म्हणून तिनं त्यालाही दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. बाईच्या गळ्यावरचं काय ते योगिनीला नक्की सांगता येईना, म्हणून त्या बाईला ती स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जाणार होती. मॅडमना अजून नमुने हवेच होते.

कडूबा निखाऱ्यांवर राख ओढत होता. भाचीचा आवाज त्याला तिथे ऐकू आला आणि त्यानं मान न वळवताच तिचं वाक्य पुरं केलं.

"अन् आंघोळ करून येजा नोका."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव नेहमीप्रमाणे मळ्यातल्या विहिरीवर थंड पाणी अंगावर घ्यायला गेले. एरवी तिथे आंघोळीच्या गर्दीत बादलीसाठी थांबावं लागे. त्या दिवशी विहिरीवर ते एकटेच होते.